एच-४ वर आहात? ईएडीच्या या चुका टाळा

अमेरिकेत नवरा किंवा बायको एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर आहे म्हणून आपल्याला, म्हणजे एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असलेल्यांना, आपोआप काम करता येत नाही, हे आधी पक्कं करा. २६ मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना ईएडी (काम करायच्या परवानगीचं कार्ड) मिळतं, पण त्यासाठी एच-१बी वाल्याचा आय-१४० (नोकरीवरून ग्रीनकार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर हवा किंवा त्याचा एच-१बी ग्रीनकार्डच्या प्रक्रियेमुळे सहा वर्षांच्या पुढे वाढलेला हवा. दोन्ही नसेल तर फॉर्म भरून पैसे घालवू नका.

सगळ्यात जास्त घात होतो तो आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद, तिच्यावरच किती दिवस राहता येईल ती तारीख असते) न बघितल्यामुळे. माझ्या ओळखीतली एक ताई दिवाळीला पुण्याला जाऊन आली, नवऱ्याच्या ७९७ वर (एच-१बी मंजुरीच्या कागदावर) अजून दोन वर्षं बाकी, हिच्या कार्डावर पण भरपूर तारीख, त्यामुळे निवांत. पण पासपोर्ट मे महिन्यात संपत होता, म्हणून एअरपोर्टवर ऑफिसरने आय-९४ फक्त मेपर्यंतचा दिला. तिने एप्रिलमध्ये नवीन पासपोर्ट काढला आणि तिला वाटलं झालं काम. नवीन पासपोर्ट आला म्हणून आय-९४ वाढत नाही हो! सप्टेंबरमध्ये वकिलाने आय-९४ मागितला तेव्हा कळलं की स्टेटस संपून चार महिने झालेत. त्याच दिवशी नोकरी थांबवावी लागली, मग उशीर का झाला याचं स्पष्टीकरण देऊन अर्ज, मग वाट बघणं, ते दिवस तिने कसे काढले ते मी बघितलंय.

त्यामुळे माझी सवय अशी की पासपोर्टची मुदत वर्षाच्या आत आली असेल तर आधी तो रिन्यू, मगच तिकीट. आणि परत आल्यावर बॅगा उघडायच्या आधी सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा आणि कस्टम्स खात्याच्या) साइटवरून घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ डाउनलोड करून तारीख वाचायची, पोरांचा पण. तारीख कमी दिसली तर ती संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज टाका.

दुसरी चूक म्हणजे "ईएडी रिन्यूअलची पावती आली की काम चालू ठेवता येतं" हे जुनं ज्ञान. पूर्वी वेळेत अर्ज केला आणि आय-९४ शिल्लक असेल तर आपोआप मुदतवाढ मिळायची, शेवटी तर ५४० दिवसांपर्यंत. पण ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती मिळत नाही, कार्ड संपलं की दुसऱ्या दिवशी काम बंद. तरी अजून व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी "काही होत नाही गं, मी केलं होतं" असं बिनधास्त लिहितं आणि दहा जणी अंगठा दाखवतात, मला खरंच भीती वाटते. तिने केलं होतं ते तेव्हाच्या नियमाने. कार्ड संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, मी तो दिवस कॅलेंडरमध्ये टाकून ठेवते आणि त्याच आठवड्यात अर्ज पाठवते.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांची घाई तर विचारू नका. कार्ड हातात नाही आणि जॉइनिंगची तारीख देऊन मोकळे. या अर्जाला पैसे भरून लवकर निकाल मिळवायची सोय नाही. अमेरिकेत बसून भारतातल्या कंपनीचं काम करायचं असेल तरी आधी वकिलाला विचारा, पगार रुपयात येतो म्हणून ते काम नाही असं होत नाही.

एल-२ वाल्या (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) मैत्रिणीचं ऐकू नका. तिच्या आय-९४ वर एल-२एस लिहिलेलं असेल तर तिला कार्डाशिवाय काम करता येतं, आपल्याला नाही.

आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव, आडनाव, कधीकधी पाळण्यातलं नावसुद्धा बदलतं, आणि मग दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं. आय-७६५ मध्ये (ईएडीच्या अर्जात) आधीच्या नावांचा रकाना आहे, तिथे सगळी नावं लिहा. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत जोडा. आणि लग्नपत्रिकेवर भागवू नका, विवाह नोंदणीचा दाखला काढा. मी पासपोर्टवर माहेरचंच नाव ठेवलं, कटकटच नाही.

सही विसरली तर अर्ज तसाच परत येतो.

आणि हे ईएडी फक्त नवरा-बायकोसाठी आहे. एच-४ वरच्या मुलांना नाही, त्यामुळे सोळा वर्षांच्या लेकाचे मित्र उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागले तरी त्याला जाता येणार नाही. हे त्याला आधीच नीट बसून सांगा, दुकानात अर्ज देऊन आल्यावर नको.