डॉल्फिन वाळूत दिसला तर या चुका टाळा

रविवारी पहाटे बेळगावहून निघून आंबोलीमार्गे वेंगुर्ला किंवा चोर्ल्यातून गोवा, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. सकाळी सकाळी किनाऱ्यावर पोचणाऱ्यांत आपण असतो, त्यामुळे वाळूत आलेला डॉल्फिन आपल्यालाच आधी दिसू शकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याला शेपटीला धरून ओढत नेणं आणि लाटेत ढकलणं. अशा व्हिडिओंवर टाळ्या पडतात, मला मात्र ते बघवत नाही. ओढल्याने सांधे आणि पाठीचा कणा दुखावतो. शिवाय तो बहुतेकदा आजारी, जखमी किंवा थकलेला असतो म्हणूनच किनाऱ्याला लागतो, नुसतं पाण्यात सोडून तो बरा होत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू आलं होतं. लोकांनी जिवापाड मेहनत करून त्याला समुद्रात नेलं, तरी ते वाचलं नाही. त्या मेहनतीबद्दल आदरच आहे; पण पाण्यात पोचवलं की काम झालं, असं नसतं हे त्यातून कळतं.

दुसरी चूक डोक्यावर पाणी ओतण्याची. डॉल्फिन मासा नव्हे, तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो आणि त्याचं नाक डोक्यावर असतं. त्या छिद्रात पाणी किंवा वाळू गेली तर तो गुदमरतो. म्हणून ओला टॉवेल, पंचा, जुनी चादर अंगावर घाला, छिद्र मोकळं ठेवा. पर आणि शेपटीवर समुद्राचं पाणी शिंपडत राहा, अंगातली उष्णता मुख्यतः तिथूनच बाहेर पडते. बर्फ नको. कुशीवर पडला असेल तर मदतीला माणसं घेऊन हलकेच पोटावर आणा, आणि बाजूच्या परांखाली वाळू उकरून खड्डा करा, म्हणजे ते दबत नाहीत. उन्हात असेल तर छत्र्या धरा.

तोंडाजवळ आणि शेपटीजवळ उभे राहू नका. उघड्या हाताने हात लावणं, त्याच्या श्वासासमोर तोंड नेणं टाळा. त्याच्याकडून आपल्याला रोग लागू शकतात. सेल्फी, गलका, कुत्री, सगळं लांब.

हे करत असताना एकाने फोन लावायचा: महाराष्ट्रात वनविभागाचा 1926, कुठेही 112, नाहीतर जवळचा जीवरक्षक. जागा, अंदाजे लांबी, जखमा, आणि मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजून सांगा. मेलेला दिसला तरी कळवा, शवविच्छेदनातून कारण समजू शकतं.