क्लचचा आवाज: पेडल दाबल्यावर येतो की जातो?

क्लचच्या बाजूने आवाज येऊ लागला, की गाडीमालक तो मेकॅनिकला तोंडाने काढून दाखवू लागतो. कुणी ‘किर्र’ म्हणतो, कुणी ‘घुर्र’, कुणी ‘खडखड’. या वर्णनाचा उपयोग मर्यादित असतो, कारण गिअरबॉक्सच्या पोकळ कवचात आवाज घुमून बदलतो आणि दोन निरनिराळ्या बेअरिंगांचे आवाज सारखेच ऐकू येतात. आवाज पेडलच्या नेमक्या कोणत्या स्थितीत सुरू होतो आणि कोणत्या स्थितीत थांबतो, हे सांगता आले तर मात्र दोष कोणत्या भागात आहे याचा बराचसा उलगडा होतो. गिअरबॉक्स खाली उतरवण्याची मजुरी हा क्लचच्या कामातला मोठा खर्च असल्यामुळे, ती मान्य करण्यापूर्वी पुढील तपासणी स्वतः करून घ्यावी.

त्यासाठी आत काय फिरते एवढे लक्षात घ्यावे लागते. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि पाय क्लचवरून पूर्ण काढलेला, अशा वेळी फ्लायव्हील (इंजिनच्या शाफ्टच्या टोकाची जड चकती), त्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट, दोहोंच्या मध्ये घट्ट दाबून धरलेली क्लच प्लेट आणि त्या प्लेटमध्ये बसलेला गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट हे सगळे एकाच वेगाने फिरत असतात. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे आत ढकलते, क्लच प्लेट मोकळी होते आणि इनपुट शाफ्ट काही क्षणांत मंदावून थांबतो. म्हणजे पेडल वर असताना गिअरबॉक्सची बेअरिंगे फिरतात, तर पेडल खाली असताना रिलीज बेअरिंगवर भार येतो. आवाजांचे बहुतेक निदान या एका फरकावर होते.

तपासणी मोकळ्या, सपाट जागेत करावी. सोसायटीच्या तळघरातील बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढावा, चाकाला वीट किंवा मोठा दगड लावावा, पंखा, एसी आणि गाणी बंद करावीत आणि गाडीच्या पुढे-मागे कुणाला उभे राहू देऊ नये.

इंजिन सुरू करण्याआधी पेडल चार-पाच वेळा सावकाश दाबून सोडावे. इंजिन बंद असतानाही कुरकुर किंवा चरचर ऐकू आली, तर क्लच प्लेटला दोष देण्याचे कारण नाही. तो आवाज पेडलच्या खिळीवरील झिजलेल्या बुशचा, परतीच्या स्प्रिंगचा, क्लच वायरचा किंवा गिअरबॉक्सवरील क्लचच्या फोर्कचा, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याचा, असतो. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने आधी पेडलच्या मुळाशी व मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सजवळ कान द्यावा, म्हणजे जागा सापडते. बुश कोरडे असेल तर थोड्या ग्रीसने भागते. वायर जड झाली असेल तर तिच्यात इंजिन ऑइल ओतण्यापेक्षा ती बदललेली बरी. आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या वायरला तेलाने धूळ चिकटते आणि ती आणखी जड होते.

आता इंजिन सुरू करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि पाय पेडलपासून दूर घ्यावा. या स्थितीत घरघर येत असेल, तर पेडल एकदम तळाशी न नेता नुसत्या पायाच्या बोटांच्या भाराने, पेडलची मोकळी हालचाल संपेल इतकेच दाबावे. घाईने पेडल खाली दाबणारा माणूस इथेच फसतो. एवढ्या हलक्या स्पर्शाने आवाज थांबला, तर इनपुट शाफ्ट अजून फिरतो आहे हे ध्यानात घ्यावे. म्हणजेच गिअरबॉक्स निर्दोष असून सैल झालेला फोर्क किंवा स्प्रिंगच्या बोटांना जेमतेम टेकलेले रिलीज बेअरिंग थरथरत होते आणि पायाच्या भाराने ते स्थिरावले. आवाज मात्र पेडल पूर्ण दाबल्यावर, तोही एकदम न तुटता क्षणभर उतरत जाऊन थांबला, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. अशा वेळी आधी गिअर ऑइलची पातळी पाहावी. तेल कमी असेल तर गळती शोधावी, आणि तेल काढताना त्यात धातूचे चकाकणारे कण दिसले तर गिअरबॉक्स उघडण्याची तयारी ठेवावी.

याच्या उलट, पाय काढलेला असताना शांतता आणि पेडल दाबताच किर्रकिर्र, हे खराब रिलीज बेअरिंगचे ठळक लक्षण आहे. पेडल जसजसे खाली जाते तसा आवाजाचा जोर बहुधा वाढतो. सिग्नलला गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून धरण्याची आणि चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय या बेअरिंगचे आयुष्य कमी करते. शहरातल्या गाड्यांत हा दोष अधिक दिसण्याचे हेही एक कारण आहे. आवाज सुरू झाल्यावर गाडी काही काळ चालते, म्हणून लोक चालढकल करतात. तथापि बेअरिंग अडकून बसले तर ते प्रेशर प्लेटची बोटे घासून खाते, आणि घाटात क्लच निकामी झाला तर टोइंगचा खर्च वर पडतो.

बोलेरोसारख्या, इंजिन लांबीत बसवलेल्या आणि मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाड्यांत एक आणखी संशयित असतो: इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारे पायलट बेअरिंग. आडव्या इंजिनाच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ते नसते. त्याचा आवाजही पेडल दाबल्यावरच येतो, पण पहिल्या स्पर्शाला नव्हे, तर शाफ्टचा वेग इंजिनपेक्षा कमी झाल्यावर येतो. उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला की शाफ्ट लगेच थांबतो. त्याच क्षणी चिरका आवाज उमटला तर रिलीज बेअरिंगइतकेच लक्ष याकडेही द्यावे.

रिव्हर्स टाकताना होणारी करकर हा वेगळा विषय आहे. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर जुळण्याआधी दोन्ही भागांचा वेग सारखा करणारा भाग) नसतो, त्यामुळे घाईने गिअर टाकल्यास दात घासणारच. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही करकर झाली तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. वायरच्या गाडीत ताण तपासून घ्यावा, आणि हायड्रॉलिक क्लच असेल तर टाकीतील द्रवाची पातळी, पाइपमध्ये शिरलेली हवा आणि सिलिंडरची गळती तपासावी. यांपैकी बहुतेक कामे गिअरबॉक्स न उतरवता होतात. करकर फक्त एखाद्याच पुढच्या गिअरला, समजा तिसऱ्याला, होत असेल तर दोष त्या गिअरच्या सिंक्रोनायझरचा असण्याची शक्यता अधिक.

उभी गाडी क्लच सोडून पुढे नेताना थरथर आणि धडधड होते तेव्हा क्लच प्लेटवर आलेले तेल, फ्लायव्हीलवर उष्णतेने पडलेले डाग किंवा फाटलेले इंजिन माउंटिंग (इंजिन पेलणारा रबरी आधार) यांपैकी काहीतरी असते. माउंटिंग बाहेरून दिसते आणि तुलनेने स्वस्त असते, म्हणून सुरुवात तिथून करावी. कोकणात पावसाळ्यात काही आठवडे उभी राहिलेली गाडी पहिल्या काही वेळा खरखर करत उचलते, ती फ्लायव्हीलवर चढलेल्या हलक्या गंजामुळे. तो वापराने निघून जातो, त्यासाठी क्लच बदलायला धावू नये.

अनेक डिझेल गाड्यांत दुहेरी वजनाचे (ड्युअल मास) फ्लायव्हील असते, म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचे. इंजिन सुरू किंवा बंद होताना खडखडाट, न्यूट्रलमध्ये धडधड आणि क्लच दाबला की ती कमी होणे, अशी लक्षणे त्याच्या आतील स्प्रिंग थकल्याची असू शकतात. हा भाग महाग असल्याने गिअरबॉक्स उतरवल्यावर त्याचा खेळ (ढिलेपणा) मोजून घेतल्याशिवाय तो बदलण्यास होकार देऊ नये.

क्वचित आढळणारी एक गोष्ट मात्र गंभीर असते. क्लच दाबताच इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूने ठोका येत असेल, तर बेल्टपासून हात आणि कपडे दूर ठेवून, इंजिन बंद असताना, दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून क्रँक पुलीकडे, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या (क्रँकशाफ्टच्या) टोकावरील पट्ट्याच्या चाकाकडे, पाहावे. पुली डोळ्यांना दिसेल इतकी आत-बाहेर सरकली, तर क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारी थ्रस्ट बेअरिंग झिजलेली आहे. हे काम क्लचचे राहत नाही, इंजिनचे होते.

शेवटी गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण सेट एकदम बदलावा आणि क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्यावे. जुने भाग मागून घ्यावेत: बेअरिंग हाताने फिरवून त्यात खरखर जाणवते का, प्रेशर प्लेटच्या बोटांच्या टोकांवर खाच पडली आहे का, प्लेटचे रिव्हेट उघडे पडले आहेत का, हे पाहिले म्हणजे आधी केलेले निदान बरोबर होते की नाही ते कळते. क्लचच्या घरातील धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नये, ओल्या फडक्याने पुसायला सांगावे, कारण जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. नवे रिलीज बेअरिंग रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये धुण्याची काही गॅरेजांत सवय असते, ती तिथल्या तिथे थांबवावी; त्यात कारखान्यातच ग्रीस भरलेले असते आणि ते धुऊन गेले, तर तोच आवाज थोड्याच दिवसांत पुन्हा ऐकावा लागतो.