परीक्षकांची एकवाक्यता कशी मोजावी: कप्पा, आयसीसी आणि नेहमीच्या चुका

दोन परीक्षकांनी त्याच १०० नोंदी तपासल्या आणि ९० नोंदींवर दोघांचे उत्तर जुळले, म्हणजे एकवाक्यता ९० टक्के. हा आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे. डोळे मिटून शिक्के मारले तरी काही उत्तरे जुळतातच. योगायोगाने जुळणारा तो भाग वजा करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा मांडला: प्रत्यक्ष जुळणीतून योगायोगाची जुळणी वजा करायची आणि उरलेल्याला '१ वजा योगायोगाची जुळणी' याने भागायचे.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी विदा (डेटा) नीट मांडा. प्रत्येक नोंदीला एक ओळ, प्रत्येक परीक्षकाला एक स्तंभ. परीक्षकांनी एकमेकांची उत्तरे पाहिलेली नसावीत. चर्चेनंतर दुरुस्त केलेली उत्तरे या हिशोबात घ्यायची नाहीत. ती अंतिम विश्लेषणासाठी वेगळ्या स्तंभात ठेवा. वर्गांना, म्हणजे उत्तराच्या ठरलेल्या प्रकारांना, शब्दांऐवजी अंक द्या, ते का हे पुढे येईलच.

मग माप निवडा. दोन परीक्षक आणि क्रम नसलेले वर्ग असतील तर साधा कोहेन कप्पा. 'सौम्य, मध्यम, तीव्र' असे क्रमाचे वर्ग असतील तर भारित कप्पा, कारण सौम्य-मध्यम हा मतभेद सौम्य-तीव्र इतका गंभीर नसतो. तीन किंवा अधिक परीक्षक असतील तर फ्लाइस कप्पा. काही नोंदी काही परीक्षकांनी तपासल्याच नसतील तर क्रिपेनडॉर्फ अल्फा. गुण किंवा मोजमापे असतील तर आयसीसी, म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन. इथे पिअर्सनचा सहसंबंध वापरू नका. दोघांचे गुण सोबत वरखाली होतात का, एवढेच तो पाहतो. एक परीक्षक प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा नेमके ५ गुण जास्त देत असला तरी पिअर्सन १ च येतो.

एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये साध्या कप्पासाठी ॲनालाइझ, डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स, क्रॉसटॅब्स असे जा. एक परीक्षक ओळींत, दुसरा स्तंभांत टाका आणि स्टॅटिस्टिक्स या बटणाखाली कप्पावर खूण करा. जुन्या आवृत्त्यांत एका परीक्षकाने एखादा वर्ग वापरलाच नसेल तर तक्ता चौरस बनत नाही आणि कप्पाऐवजी फक्त एक सूचना छापली जाते.

आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये 'आयआरआर' पॅकेज पुरते. त्यातले 'कप्पा२' हे फंक्शन भार सांगितला नाही तर साधाच कप्पा काढते. दोन उत्तरांतल्या अंतराच्या प्रमाणात भार हवा असेल तर 'इक्वल', त्या अंतराच्या वर्गाच्या (अंतर गुणिले अंतर) प्रमाणात हवा असेल तर 'स्क्वेअर्ड'. कोणता घेणार हे निकाल पाहण्याआधी ठरवा. उत्तरांचे वर्ग शब्दांत लिहिलेले असतील तर सॉफ्टवेअर ते वर्णानुक्रमाने लावते. क्रम मोडतो, भार चुकीच्या जागी बसतो आणि चूक झाल्याची सूचनाही येत नाही. १, २, ३ लिहिण्याचे कारण हेच. एक उत्तर रिकामे असले तरी हे फंक्शन ती पूर्ण ओळ गाळते, म्हणून निकालावर छापलेली नोंदींची संख्या आधी पाहा. क्रिपेनडॉर्फ अल्फाचे फंक्शन मात्र उलटी मांडणी मागते: परीक्षक ओळींत, नोंदी स्तंभांत. तक्ता फिरवायला विसरलात तरी उत्तर येतेच, फक्त ते निरर्थक असते.

आयसीसीत तीन गोष्टी स्वतः निवडाव्या लागतात: मॉडेल (परीक्षक ठरलेलेच आहेत की मोठ्या गटातून निवडलेले), प्रकार आणि एकक (एका परीक्षकाचे गुण की सर्वांची सरासरी). एसपीएसएस आपणहून 'कन्सिस्टन्सी' हा प्रकार धरते. त्यात वरचा ५ गुणांचा सततचा फरक माफ होतो. प्रत्यक्ष गुण जुळायला हवे असतील तर 'ॲब्सोल्यूट ॲग्रीमेंट' निवडा. निकालात 'सिंगल' आणि 'ॲव्हरेज' असे दोन आकडे येतात. दुसरा सहसा मोठा, म्हणून तोच उचलण्याचा मोह होतो. पण पुढे काम एकाच परीक्षकाच्या गुणांवर चालणार असेल तर पहिलाच आकडा खरा.

आता सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट. समजा ४५ नोंदींवर दोघेही 'हो' म्हणतात, ४५ वर दोघेही 'नाही', आणि ५-५ वर मतभेद आहेत. योगायोगाची जुळणी ०.५०, म्हणून कप्पा ०.८०. आता ९० वर दोघेही 'हो', दोघांचेही 'नाही' एकदाही नाही, मतभेद तेच ५-५. जुळणी इथेही ९० टक्केच. पण योगायोगाची जुळणी ०.९०५ झाल्याने कप्पा उणे ०.०५ येतो. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. 'नाही' ओळखण्याबाबत दोघांचे एकदाही जुळलेले नाही, हेच तो आकडा सांगतो. दुर्मीळ वर्ग असलेल्या कामात म्हणूनच नुसता कप्पा देऊ नये. सोबत पूर्ण तक्ता आणि प्रत्येक वर्गातली जुळणी वेगळी द्यावी.

पी-मूल्याकडे फार लक्ष देऊ नका. कप्पा शून्य नाही एवढेच ते सांगते, आणि एवढी अपेक्षा तर कोणाचीही असते. त्याऐवजी ९५ टक्क्यांचे विश्वास-अंतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल) काढा: कप्पा अधिक-उणे १.९६ गुणिले प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर). वरच्या पहिल्या उदाहरणात प्रमाण त्रुटी सुमारे ०.०६, म्हणजे अंतर ०.६८ ते ०.९२. कप्पा किती चांगला हे सांगणाऱ्या, लँडिस आणि कॉख या संशोधकांच्या १९७७ च्या पट्ट्यांत ०.६१ ते ०.८० हा भाग 'भरीव' म्हणून गणला जातो. त्या सीमा मनाने आखल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले होते, तेव्हा ०.६० आणि ०.६२ यांत भिंत उभी करू नका. अहवालात मापाचे नाव, भाराचा प्रकार किंवा आयसीसीचे मॉडेल, परीक्षक व नोंदींची संख्या आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा.