अडकलेली पेन्शन, नाकारलेला मेडिक्लेम: ज्येष्ठांसाठी पाठपुरावा कसा करायचा

घरातल्या किंवा सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी धावपळ करणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. खिडकीवर विचारतात, "पुढच्या आठवड्यात या" ऐकतात आणि परत येतात. तोंडी विचारलेल्याची नोंद कुठेच राहत नाही. म्हणून अर्ज लेखीच द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. अर्ज ज्येष्ठांच्याच नावाने आणि सहीने करा. मुलाने स्वतःच्या नावाने माहिती मागितली, तर ती त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाऊ शकते.

ईपीएस-95 पेन्शन

ईपीएस-95 म्हणजे पीएफच्या सदस्यांना पीएफ कार्यालयाकडून मिळणारी पेन्शन. किमान 10 वर्षं सेवा आणि वय 58 झालं की पेन्शनच्या अर्जाचा 10-डी फॉर्म भरायचा. तो भरण्याआधी पीएफच्या नोंदी आधारशी ताडून पाहा. नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर आधी संयुक्त घोषणापत्र (सदस्य आणि कंपनी दोघांचं) देऊन दुरुस्ती करून घ्या. जुन्या कंपनीतली सेवा वर्ग झालेली नसेल, तर कागदावर 10 वर्षं भरत नाहीत. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती पोर्टलवर स्वतः भरता येते.

पेन्शन कमी आली, ही तक्रार करण्याआधी हिशेब मांडा. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार (शेवटच्या 60 महिन्यांच्या मूळ पगार व महागाई भत्त्याची सरासरी) गुणिले सेवेची वर्षं भागिले 70. मात्र 1 सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेला 6,500 रुपयांची मर्यादा लागते आणि नंतरच्या सेवेला 15,000 ची. समजा, पगार कायम या मर्यादेच्या वरच होता आणि सेवा 18 वर्षं, त्यातली 8 आधीची आणि 10 नंतरची. पहिल्या भागाचे सुमारे 743 आणि दुसऱ्याचे 2,143, म्हणजे 2,886 रुपये. लोक सरसकट 15,000 धरून 3,857 ची अपेक्षा ठेवतात आणि चुकीची तक्रार करून वेळ घालवतात. किमान पेन्शन 1,000 रुपये आहे. पण 58 च्या आधी, म्हणजे 50 नंतर केव्हाही, पेन्शन घेतली असेल तर दर वर्षाला 4 टक्के कपात असते, तीही हिशेबात धरा.

चालू पेन्शन अचानक थांबली, तर सर्वात आधी हयातीचा दाखला पाहा. ईपीएसचा दाखला वर्षभरात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो. बोटांचे ठसे झिजलेले असतील तर मशीनशी झटापट करत बसू नका. मोबाईलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप घ्या आणि चेहऱ्यावरून दाखला काढा. प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) आला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक) किंवा पेन्शन देणारं कार्यालय चुकीचं निवडलं असेल, तर दाखला नंतर नाकारला जातो. चार-पाच दिवसांनी त्याची स्थिती पाहाच.

काम हललं नाही तर पीएफ कार्यालयाच्या ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. तिथेही साचेबंद उत्तर आलं तर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर जा. तिथे निपटाऱ्याची मुदत 21 दिवस आहे. त्यानंतर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. त्यात "पेन्शन का नाही?" असं विचारू नका, कारण "का"चं उत्तर टाळता येतं. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेली कार्यवाही दिनांकनिहाय द्यावी, टिपणीच्या प्रतींसह" असं मागा. उत्तराला 30 दिवस असतात.

दवाखान्याचा खर्च

आधारवर वय 70 पूर्ण असेल, तर उत्पन्न कितीही असो, सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. कुटुंबातल्या 70 वरच्या सगळ्यांना मिळून वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. नवरा-बायकोला प्रत्येकी 5 लाख, असा समज पसरलाय, तो चूक आहे. खासगी मेडिक्लेम असला तरी कार्ड मिळतं. सीजीएचएसवाल्यांना (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्यांना) मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. दाखल होण्याआधी 14555 वर फोन करून रुग्णालय योजनेत आहे का आणि तो उपचार तिथे होतो का, हे दोन्ही विचारा.

मेडिक्लेम नाकारण्याचं नेहमीचं कारण म्हणजे "जुना आजार लपवला". बऱ्याचदा त्याचं मूळ डिस्चार्ज कार्डात असतं. दाखल होताना आजोबा सहज म्हणतात, "शुगर आहे, झाली दहा-एक वर्षं", आणि ज्युनियर डॉक्टर ते तसंच लिहून घेतो. प्रत्यक्षात निदान चार वर्षांपूर्वीचं असेल, तर जुने रिपोर्ट दाखवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी दुरुस्ती घ्या. पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय या कारणावर दावा नाकारता येत नाही. दुसऱ्या कंपनीतून पोर्ट केलेल्या पॉलिसीची आधीची वर्षंही त्यात धरली जातात. नकार कोणत्या कलमाखाली दिला, हे कंपनीकडून लेखी घ्या.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी नाही, वकील नाही. 50 लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते. ग्राहक आयोगात आधीच केस टाकली असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, त्यामुळे लोकपालांकडे जायचं असेल तर ते आधीच ठरवा.