मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर शहर उभं करताना मेहनत नेमकी कुठे घालायची

रेल्वे लेआउटवरचं शहर आपण जवळजवळ नेहमी वरून बघतो, टेबलाजवळ उभं राहून. त्यामुळे नजर पहिल्यांदा पडते छतावर, मग ट्रॅककडच्या भिंतीवर आणि तळमजल्यावर, मधले मजले सगळ्यात शेवटी. तरीपण बहुतेक जण समोरच्या खिडक्यांमध्येच जीव ओततात आणि छताला काळा कागद चिकटवून मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच की मेहनत नजरेच्या क्रमाने वाटा.

आधी स्केलचा हिशोब. एचओ आणि एन ही मॉडेल रेल्वेची दोन मापं, एचओ म्हणजे खऱ्याच्या १:८७ आणि एन म्हणजे १:१६०. एक मजला ३ मीटरचा धरला तर एचओमध्ये साधारण ३४ मिमी आणि एनमध्ये १९ मिमी होतो, २.१ मीटरचा दरवाजा एचओमध्ये २४ मिमी, एनमध्ये १३ मिमी. आता खरी दहा मजली इमारत एचओमध्ये जवळपास ३४ सेंमी उंच होते आणि ४० मीटर लांबीची इमारत ४६ सेंमी जागा खाते, एवढी जागा कोणाकडे असते? म्हणून इमारत छोटी करायचीच, पण ती मजले कमी करून, खिडक्यांच्या रांगा कमी करून. दरवाजा, खिडकी, पायरी, कठडा यांचं माप मात्र अजिबात कमी करू नका, कारण शेजारी उभ्या असलेल्या बाहुलीशी डोळा लगेच तुलना करतो आणि दरवाजा बुटका असला की सगळा खेळ खलास.

काहीही चिकटवायच्या आधी साध्या पुठ्ठ्याचे खोके बनवून जागेवर ठेवा आणि काही दिवस तसेच राहू द्या, गाड्या चालवा, वेगवेगळ्या बाजूंनी बघा. याच वेळी अजून एक काम उरकून घ्यायचं. सगळ्यात लांब डब्याच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध टेपने पेन्सिल लावायची आणि डबा हाताने वळणावरून फिरवायचा, वळणावर डब्याचं पोट आतल्या बाजूला येतं आणि टोकं बाहेर जातात, त्या रेषा बोर्डवर आपोआप उमटतात. भिंत त्या रेषेच्या थोडी पलीकडेच ठेवा.

मटेरियलमध्ये माझी पसंती स्टायरीन या प्लास्टिकच्या १ ते १.५ मिमी शीटला. शीट आरपार कापायची गरज नसते, कटरने पट्टीच्या आधाराने दोनतीन वेळा हलकी रेघ मारायची आणि वाकवली की सरळ तुटते. पण खिडक्या आधी कापा, भिंती नंतर जोडा. कोपरे ४५ अंशात घासून जोडले की बाहेरून सांधा जवळजवळ दिसत नाही. प्लास्टिक सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, पातळ असतं, ब्रशने सांध्याला टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं, त्यामुळे थोडंच लावा, आतून पट्ट्यांचा आधार द्या आणि खोकं पूर्ण बंद करू नका, तळाला भोक ठेवा, नाहीतर सिमेंटची वाफ आत कोंडून काही दिवसांनी भिंती वाकतात. पुठ्ठा वापरणार असाल तर रंग किंवा सीलर दोन्ही बाजूंनी लावायचा, एकाच बाजूने ओला केला तर तो पिळवटतोच. छापील विटांचा कागद चिकटवला असेल तर कापलेल्या पांढऱ्या कडांवर त्याच रंगाची पेन्सिल फिरवा, एवढ्याशा गोष्टीने खूप फरक पडतो. खिडकीच्या काचेला पारदर्शक शीट चालते, फक्त ती सुपरग्लूने लावू नका, धुरकट होते, पांढरा पीव्हीए गोंद बेस्ट.

आता छत, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. सपाट छताला कडेने कठडा हवाच, मग जिन्याची खोली, पाण्याची टाकी, पाईप, एसीचे डबे, अँटेना, कुठेतरी डांबराचं ठिगळ, पाणी साचून पडलेला डाग. टाकीसाठी पेनाचं टोपण, पाईपसाठी तांब्याची तार, घरातलं काहीही चालतं. शेजारशेजारच्या छतांची उंची सारखी ठेवू नका, चार एकसारखे चौकोन दिसले की ते शहर न वाटता खोक्यांचा ढीग वाटतो.

रंग मॅटच हवेत आणि खऱ्यापेक्षा थोडे फिके, गडद काळा आणि शुभ्र पांढरा शक्यतो टाळा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे अगदी थोडे थेंब टाकून ते भिंतीवर वरून खाली सोडा, विटांच्या फटीत बसतं आणि खिडकीखाली ओघळ तयार होतात. आधी आतल्या, न दिसणाऱ्या भिंतीवर ट्राय करून बघा.

लाइट लावायचे असतील तर भिंती आतून आधी काळ्या आणि मग त्यावर पांढऱ्या रंगवा, नाहीतर अख्खी इमारत कंदिलासारखी पेटलेली दिसते. आत पुठ्ठ्याचे पडदे टाकून खोल्या वेगळ्या करा म्हणजे काहीच खिडक्या उजळतील. १२ व्होल्टच्या सप्लायवर साध्या ३ व्होल्टच्या एलईडीला ४७० ओहमचा रेझिस्टर पुरतो, पण मी १ किलोओहम किंवा त्याहून जास्तच लावतो, मंद उजेड खरा वाटतो. सप्लाय ट्रॅकपासून वेगळा ठेवा.

मागच्या रांगेला पूर्ण इमारतींची गरजच नाही, भिंतीला टेकवलेले २–३ सेंमी जाडीचे दर्शनी भाग पुरतात, आणि एचओ लेआउटवर सगळ्यात मागे एन स्केलच्या इमारती ठेवल्या तर शहर लांबवर पसरल्यासारखं दिसतं, फक्त त्यांच्याजवळ माणसं किंवा गाड्या ठेवायच्या नाहीत.

शेवटी इमारत जमिनीत बसवणं. भिंतीखाली फट दिसली तर सगळं काम फुकट, म्हणून इमारत फूटपाथच्या पातळीखाली एकदोन मिमी उतरवा आणि कडेला थोडी माती, गवत, कचरा टाका. कायमची चिकटवू मात्र नका. तळाला दोन पिना आणि वायरीला छोटा प्लग ठेवला की इमारत उचलून मागचा ट्रॅक साफ करता येतो.