पंधरा वर्षं भरली. राहायचं की घरी यायचं?

फौजेत पेन्शनला लागणारी 15 वर्षं पुरी होत आली की प्रत्येक जवान हा हिशोब मांडतो. आमच्या साताऱ्याकडची पोरं विचारायला येतात, त्यांना मी सांगतो: नोकरी सोडायचा अर्ज लिहिण्याआधी पे-स्लिप घे आणि बायकोजवळ बस.

पुढची बढती तोंडावर असेल तर थांब; पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते. एमएसीपी, म्हणजे बढती मिळाली नाही तरी ठरावीक वर्षांनी मिळणारी वरची वेतनश्रेणी, 8, 16 आणि 24 वर्षांना लागते. सोळावं जवळ आलेलं असताना अर्ज टाकणं म्हणजे पिकलं शेत सोडून येणं. आणि वन रँक वन पेन्शन, म्हणजे हुद्दा आणि सेवा सारखी असेल तर कधीही निवृत्त झालेल्याला सारखी पेन्शन: 7 नोव्हेंबर 2015 च्या आदेशानुसार, त्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्याला ते मिळत नाही. बऱ्याच पोरांना हे ठाऊकच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

नौदलातला पोरगा समुद्रावरच्या महिन्यांना कंटाळतो. हवाई दलात स्टेशनवर क्वार्टर मिळालं की संसार मार्गी लागतो, तिथं माणूस टिकतो. आपल्याकडे लष्करात फील्ड पोस्टिंगला, म्हणजे सीमेकडच्या नेमणुकीला, कुटुंब गावाकडेच. मी पाहिलेले बहुतेक जण पगारासाठी नाही, दहावीतल्या मुलासाठी, थकलेल्या आईबापासाठी नोकरी सोडून आले. त्यात लाज कसली? पण आधी कंपनी कमांडरला भेटून कम्पॅशनेट पोस्टिंग, म्हणजे घरच्या अडचणीसाठी सोयीची नेमणूक, माग.

निघायचंच ठरलं, तर डीजीआरचा (सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी संचालनालय) कोर्स सुटायच्या आधीच कर. डिस्चार्ज बुकातली (सेवेतून सुटताना मिळणारं नोंदपुस्तक) बायको-मुलांची नावं, जन्मतारखा आधारशी अक्षर न् अक्षर जुळव. युनिटमध्ये असतानाच दुरुस्ती सोपी जाते. घरी पोचलास की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव.