स्वस्त रेट्रो हँडहेल्ड खानदेशच्या हवेत वर्षानुवर्षे कसे टिकवावे

मियू मिनी प्लस, आर३६एस किंवा अ‍ॅनबर्निकचे आरजी३५एक्सएक्स यांसारखे जुने व्हिडिओ गेम खेळण्याचे स्वस्त हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचे छोटे यंत्र, किती वर्षे चालेल, हे त्यातल्या प्रोसेसरवर क्वचितच ठरते. बहुतेक वेळा आधी मेमरी कार्ड जाते, मग बॅटरी, त्यानंतर चार्जिंगचा सॉकेट आणि बटणांखालचे रबर; मदरबोर्ड मात्र या सगळ्यांनंतरही शाबूत असतो. म्हणून काळजीही याच क्रमाने घ्यावी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे आपल्याकडे बॅटरीकडे इतर ठिकाणांपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते.

खोका उघडल्या दिवशी, गेम सुरू करण्याआधी, सोबत आलेले कार्ड बाहेर काढावे. या यंत्रांसोबत बहुधा बिननावाचे, हलक्या प्रतीचे कार्ड येते. माझ्या पहिल्या यंत्राचे कार्ड आठ महिन्यांत गेले आणि त्यासोबत माझ्या पुतण्याने महिनोन्महिने खेळून साठवलेली सगळी प्रगतीही गेली. त्याचा चेहरा आठवला की हे काम मी कधीच पुढे ढकलत नाही. कार्ड संगणकाला जोडून विन३२ डिस्क इमेजरसारख्या प्रोग्रामने त्याची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे कार्डावरच्या सगळ्या फाइलींची हुबेहूब नक्कल, काढावी आणि ती नामवंत कंपनीच्या नव्या कार्डावर उतरवावी. नवे कार्ड आकाराने जुन्याइतके किंवा मोठे असावे. दोन्हींवर ६४ जीबी लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात काही एमबींचा फरक असतो आणि तेवढ्यानेही प्रतिमा मावत नाही, म्हणून एक आकार मोठे घेतलेले बरे. बाजारात बनावट कार्डे पुष्कळ असल्याने वापरण्यापूर्वी एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने त्याची खरी क्षमता तपासावी.

यानंतर बंद करण्याची शिस्त लावून घ्यावी. यातील बऱ्याच यंत्रांवर जुने गेम चालवणारा रेट्रोआर्क हा प्रोग्राम असतो, आणि गेममध्ये ‘सेव्ह’ केलेली नोंद तो सहसा गेममधून बाहेर पडतानाच कार्डावर लिहितो. मध्येच बॅटरी संपली किंवा कोणी बटण दाबून धरून यंत्र बंद केले, तर ती नोंद नाहीशी होते आणि क्वचित कार्डावरील फाइलव्यवस्थाही बिघडते. म्हणून आधी गेम बंद करावा, मग मेनूमधून यंत्र बंद करावे, आणि महिन्यातून एकदा सेव्हचे फोल्डर संगणकावर उतरवून घ्यावे.

बॅटरी लिथियमची असते आणि तिला उष्णता व पूर्ण भरलेली अवस्था या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी ४० अंश तापमानात वर्षभर ठेवली, तर तिची क्षमता साधारण ६५ टक्क्यांवर येते. तीच ४० टक्के भरून ठेवली, तर सुमारे ८५ टक्के उरते. २५ अंशांत हेच आकडे अनुक्रमे ८० आणि ९६ च्या आसपास असतात. पत्र्याच्या घरात दुपारी आतले तापमान किती चढते, हे इथे कोणाला सांगायला नको. उन्हाळ्यात यंत्र पहाटे किंवा रात्री चार्ज करावे, कारण ४५ अंशांवर या बॅटरीचे चार्जिंग करू नये असाच सर्वसाधारण नियम आहे. ८०-९० टक्क्यांवर वायर काढावी आणि चार्ज होत असताना खेळू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिक्कीत ते कधीही ठेवू नये. परीक्षेच्या दिवसांत यंत्र महिनोन्महिने कपाटात राहणार असेल, तर निम्मे भरून, बंद करून, खालच्या मजल्यावरच्या गार खोलीत ठेवावे आणि दोन महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत भरावे. कूलरच्या झोतासमोर गार वाटते म्हणून तिथे ते ठेवू नये. दमट हवा आणि अधूनमधून उडणारे थेंब सॉकेटमध्ये गंज धरतात.

चार्जर साधा, ५ व्होल्टचा असावा आणि वायरचे एक टोक जुन्या चौकोनी यूएसबीचे असावे. खर्च वाचवण्यासाठी काही स्वस्त यंत्रांत सी-टाइप सॉकेटजवळचे दोन छोटे रेझिस्टर बसवलेलेच नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना सी-टाइप असलेल्या वायरने ती चार्जच होत नाहीत. यंत्र बिघडले असे समजून त्याला खोलण्याआधी वायर बदलून पाहावी.

धुळीसाठी झिप असलेली कडक पेटी पुरते. वावटळीच्या दिवसांत तिची किंमत कळते. बटण दाबून प्रतिसाद येईनासा झाला, की यंत्र बंद करून स्क्रू काढावेत, रबराखालचे काळे कार्बनचे ठिपके कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसावेत आणि बोर्डावरील त्यांच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने स्वच्छ कराव्यात. कार्बन घासला तर बटण कायमचे जाते.

मागचे झाकण फुगलेले दिसले तर तत्काळ वापर थांबवावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये; ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी. नवी घेताना ३.७ व्होल्ट, जागेत बसेल अशी लांबी-रुंदी-जाडी आणि शक्यतो संरक्षक सर्किट असलेली निवडावी. प्लग सारखा दिसला तरी लाल-काळ्या तारांची बाजू उत्पादकानुसार उलटी असू शकते आणि उलटी जोडताच बोर्ड जळतो, म्हणून जुन्या व नव्या प्लगचे रंग शेजारी धरून पाहावेत. हात स्थिर नसेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एखाद्या मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याकडे जुनी बॅटरी घेऊन जावे आणि त्याने मीटर लावून दोन्हींचे धन-ऋण टोक तपासल्यावरच सोल्डरिंग करू द्यावे.